मार्कंड्याची मंदिरे आणि जोडकोष्टक

वैनगंगेच्या तीरावरील मार्कंडा येथील मंदिरसमूहाचे वर्णन कनिंगहॅमच्या १८७९ मधील अहवालात आले. पुढे १९०९ च्या चांदा जिल्हा गॅझेटियरातही त्याची नोंद झाली. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन मार्कंडा त्यात समाविष्ट झाले. एका ग्रंथात अनेक मंदिरे येतात आणि एक मंदिर अनेक ग्रंथांत येते. अशी सूची संगणकावर करू लागणारा नवशिका अभ्यासक मंदिराच्या नोंदीतच ‘ग्रंथ १’, ‘ग्रंथ २’ अशी घरे पाडतो. नवा ग्रंथ सापडताच ती अपुरी पडतात.

कॉडने १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात यावरील उपाय आहे. मंदिरांचे एक कोष्टक, ग्रंथांचे दुसरे, व दोहोंमध्ये जोडकोष्टक. त्याच्या प्रत्येक ओळीत एक मंदिरक्रमांक व एक ग्रंथक्रमांक. १९९२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये ही रचना सामान्य अभ्यासकालाही साधता येते.

परंतु जोडकोष्टक केवळ दुवा नव्हे. विशिष्ट ग्रंथात मंदिराचे नाव ज्या रूपात येते ते रूप व पृष्ठांक हे ना मंदिराचे गुण, ना ग्रंथाचे; ते त्या उल्लेखाचेच होत. त्यांची जागा तेथेच. मंदिराच्या नोंदीत एकच ‘शुद्ध’ नाव ठेवून बाकीची रूपे पुसली, तर सूची नीटस होईल. नावाचा इतिहास मात्र नष्ट होईल.