सार की फार? : बिनतारी हेडफोनमधला जुना टेलिफोन

लॅपटॉपला ब्लूटूथ हेडफोन जोडून आपण गाणे ऐकत असतो. तानपुऱ्याची जवारी, डग्ग्याची घुमक, सारे स्पष्ट. तेवढ्यात ऑनलाइन बैठक सुरू होते, मायक्रोफोन चालू होतो आणि आवाज एकाएकी बसतो; पत्र्याच्या डब्यातून कोणी बोलावे तसा. बैठक संपली की गाणे पुन्हा पूर्वीसारखे भरदार. कोणी हेडफोनला दोष देतो, कोणी इंटरनेटला, आणि वयस्क माणसे बहुधा स्वतःच्या कानांना. खरे कारण या तिन्हींत नाही. ते टेलिफोनच्या इतिहासात आहे आणि ते जवळजवळ शंभर वर्षे जुने आहे.

या प्रश्नाकडे मी वळलो तो भाषेच्या वाटेने. परदेशातल्या मराठी मुलांना मी ऑनलाइन शिकवतो. ‘चार आंबे’ यातला ‘च’ तालव्य आणि ‘वासराला गवत चार’ यातला ‘च’ दंततालव्य. लिहिताना दोन्ही ‘चार’ सारखेच. फरक आहे तो केवळ कानाला कळणारा. एक चुणचुणीत मुलगा हा फरक कितीदा सांगितला तरी पकडू शकत नव्हता. हेडफोन काढून लॅपटॉपच्या स्पीकरवर तेच शब्द ऐकल्यावर मात्र त्याला तो लगेच कळला. म्हणजे ध्वनी माझ्याकडून निघत होता, लॅपटॉपपर्यंत पोहोचतही होता. हरवत होता तो शेवटच्या हातभर अंतरात.

किती आवाज पुरेसा?

तरुण, निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकू येतात. स्वरांची ओळख पटवणारा भाग बराचसा ३,००० हर्ट्झच्या खाली असतो. ‘स’ची गोष्ट वेगळी. दातांच्या फटीतून हवा घासत जाते तेव्हा होणाऱ्या त्या सूं-सूं आवाजाचा मोठा वाटा ४,००० हर्ट्झच्या वर असतो. दंततालव्य ‘च’मध्ये हाच ‘स’ दडलेला आहे.

टेलिफोनने मात्र आपल्यापुरती मर्यादा ठरवली ती ३०० ते ३,४०० हर्ट्झची. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्यांचे सहकारी बोलण्याची सुगमता मोजत होते. त्यासाठी ते निरर्थक अक्षरगट वापरत, म्हणजे ऐकणाऱ्याला संदर्भावरून अंदाज बांधता येऊ नये. फ्लेचर यांचे ‘स्पीच अँड हिअरिंग’ हे पुस्तक १९२९ साली आले. अशा प्रयोगांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. सुटी अक्षरे बरीच चुकली तरी पूर्ण वाक्य माणसाला कळते, कारण गाळलेल्या जागा मेंदू स्वतःच भरून घेतो.

टेलिफोन कंपन्यांना हे सोयीचे होते. एकाच तारेवरून अनेक संभाषणे शेजारी-शेजारी नेण्याची पद्धत रूढ होत होती. तीत प्रत्येक संभाषणाला ४,००० हर्ट्झची पट्टी मिळे आणि अशा १२ पट्ट्यांचा एक गट ४८,००० हर्ट्झमध्ये बसे. पट्टी दुप्पट रुंद केली तर संभाषणे निम्मी होणार. तांबे महाग होते. ‘वाक्य कळते ना, मग पुरे’ हा हिशेब ठरला आणि तो जगभरचा नियम झाला.

आपल्याकडे ट्रंक कॉलवर नाव सांगताना ‘सातारचा स, फलटणचा फ’ असे सांगावे लागे, त्याचे एक कारण ही अरुंद पट्टी. ‘सार झालं’ आणि ‘फार झालं’ यांतला फरक जिथे राहतो, तो मजला टेलिफोनने बांधलाच नव्हता. जेवणाच्या गप्पांत संदर्भावरून चूक सुधारते. आडनाव, गावाचे नाव, औषधाचे नाव यांना संदर्भ नसतो.

अंक आले, पट्टी तीच राहिली

१९३०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये काम करणारे इंग्रज अभियंते अॅलेक रीव्ह्ज यांनी आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याची कल्पना मांडली. असे करताना आवाजात जितकी उंच कंपने टिकवायची, त्याच्या निदान दुप्पट वेळा दर सेकंदाला त्याचे मोजमाप घ्यावे लागते. टेलिफोनची पट्टी ४,०००ची, म्हणून मोजमापे ८,०००. प्रत्येक मोजमापाला आठ बिट, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. अमेरिकेत १९६२ साली अशा अंकीय वाहिन्या व्यवहारात आल्या आणि पुढे हा आकडा टेलिफोनजगताचे प्रमाण माप होऊन बसला.

भारतात १९८४ साली सी-डॉटची स्थापना झाली आणि पुढच्या काळात लहान गावांतही अंकीय एक्स्चेंज पोहोचली. खरखर कमी झाली, लाइन चटकन लागू लागली. आवाजाची रुंदी मात्र जुनीच राहिली. तांब्याची टंचाई जिथे उरली नव्हती, तिथेही तिने घातलेला नियम चालू होता.

लुंडमधले बीज

ब्लूटूथचा आरंभ १९९४ साली स्वीडनमधल्या लुंड इथे, एरिक्सन कंपनीत झाला. यॅप हार्टसेन हे त्यातले प्रमुख अभियंते. एरिक्सन ही टेलिफोनवाली कंपनी. मोबाइल आणि त्याचे हेडसेट यांमधली तार काढून टाकणे हा तिच्यापुढचा एक मुख्य हेतू होता. दहाव्या शतकातल्या डॅनिश राजाचे नाव या तंत्राला नंतर मिळाले. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांचा संघ झाला व १९९९ साली पहिली मानके आली.

त्या मानकांत बोलण्यासाठी जी वाट आखली ती थेट टेलिफोनच्या मापाने: जाताना सेकंदाला ६४,००० बिट, येताना तितकेच. बोलण्याची कमाल उंची पुन्हा ४,००० हर्ट्झच्या आत. त्या काळी हे गैरही नव्हते. पलीकडे मोबाइलचे जाळेच तेवढा आवाज आणून देत असेल, तर हेडसेटने जास्त तरी काय करावे?

संगीतासाठी वेगळी वाट २००३च्या सुमारास आली. तिच्यातून दोन्ही कानांसाठी भरपूर आवाज जातो, पण तो एकाच दिशेने. मायक्रोफोनसाठी त्या मानकात परतीची सोय ठेवलेली नाही. शिवाय ही वाट आवाज थोडा साठवून मग ऐकवते. गाण्यात तो उशीर जाणवत नाही; संभाषणात दोघे एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात. म्हणून यंत्रासमोर दोनच पर्याय राहिले: संगीताची रुंद एकेरी वाट किंवा टेलिफोनची अरुंद दुहेरी वाट. मायक्रोफोन लागला की लॅपटॉप मुकाट्याने दुसरी वाट धरतो. विंडोज १०मध्ये एकच हेडफोन ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशा दोन नावांनी दिसे, ते याच दोन वाटांमुळे.

२०११ साली बोलण्याची वाट दुप्पट रुंद झाली, सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंत. पण त्यासाठी हेडफोन आणि लॅपटॉप, दोन्ही बाजू तयार असाव्या लागतात. एकही बाजू मागे राहिली की गाडी जुन्या रुळावर.

उपाय

हा इतिहास कळला की घरचा उपाय सोपा होतो. आधी लक्षण नीट पाहावे. आवाज फक्त मायक्रोफोन चालू असतानाच बसत असेल, तर कारण वर सांगितलेले. अशा वेळी बैठकीच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन ठेवावा आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचाच मायक्रोफोन निवडावा. मग हेडफोन संगीताच्या वाटेवरच राहतो. त्या मुलाच्या आईला मी एवढेच करायला सांगितले.

गाणे ऐकतानाही आवाज तुटत असेल, तर ते दुखणे रेडिओलहरींचे. ब्लूटूथ, बरेच वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी हे सारे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच गल्लीत राहतात. यूएसबी ३च्या जोडणीतूनही याच पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ साली दाखवून दिले. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावे, बाहेरची हार्ड डिस्क थोडी दूर ठेवावी. बहुधा भागते.

पुरेसे कोणासाठी?

दोन वाटांची ही कोंडी आता सुटू लागली आहे, आणि ती सोडवण्यात श्रवणयंत्र बनवणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या युरोपीय संघटनेने २०१४ साली ब्लूटूथच्या संघाशी करार केला. त्या प्रयत्नांतून आलेल्या एलई ऑडिओची घोषणा २०२० साली झाली आणि मानके २०२२ साली पूर्ण झाली. त्यात कमी बिटांत रुंद आवाज दोन्ही दिशांनी जाऊ शकतो. नवे लॅपटॉप आणि हेडफोन हळूहळू ते स्वीकारत आहेत. टेलिफोनचे पेटंट घेणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते, हे इथे आठवते. त्यांच्या यंत्राची अरुंद पट्टी रुंद करायला ज्यांना कमी ऐकू येते त्यांचीच गरज कारणी लागली.

मला यात महत्त्वाचा वाटतो तो ‘पुरेसे’ हा शब्द. ज्याला भाषा येते तो गाळलेले ध्वनी मनाने भरून घेतो, म्हणून त्याला अरुंद पट्टी पुरते. जे मूल भाषा अजून शिकते आहे, त्याच्यापाशी भरायला काही नसते. ज्या आजोबांचे उंच कंपनांचे ऐकणे आधीच मंदावले आहे, त्यांच्याही हाती फार उरत नाही. मराठीतला ‘च’चा भेद आपली लिपी दाखवत नाही, तो तोंडातून कानात, एवढ्याच वाटेने एका पिढीकडून दुसरीकडे जातो. परदेशातल्या कितीतरी घरांत ती वाट आता हेडफोनमधून जाते. म्हणून मुलाला ‘नीट ऐक’ म्हणण्याआधी, त्याच्या कानात काय पोहोचते आहे ते एकदा स्वतः हेडफोन लावून ऐकून पाहावे.