तळटीप : दांडीखालून जाणारा गुरुत्वमध्य

* लेखकाने येथे ‘चमत्कार’ म्हटले असले, तरी १९६८ साली मेक्सिको सिटीत डिक फॉस्बरीने पाठीवरून घेतलेल्या २.२४ मीटरच्या सुवर्णउडीत न्यूटनच्या नियमांबाहेरचे काही नाही. पाय जमिनीवरून सुटला की शरीराचा गुरुत्वमध्य किती उंच जाणार, हे ठरून गेलेले असते. हवेत हातपाय कितीही झाडले तरी त्यात तसूभर भर पडत नाही. बदलता येते ती फक्त अंगाची ठेवण. दांडीवर पाठीची कमान झाली, डोके-खांदे पलीकडे आणि पाय अलीकडे लोंबू लागले, की गुरुत्वमध्य शरीराबाहेर, कमानीखाली येतो. खेळाडू दांडीवरून जातो आणि गुरुत्वमध्य तिच्या खालून जाऊ शकतो. खरे श्रेय फोमच्या जाड गादीचे, असा आक्षेप घेतला जातो. गादीशिवाय पाठीवर पडणे धोक्याचे होते, हे खरेच. पण गादी उंची देत नाही. पोटाकडून दांडी ओलांडणारी जुनी रीतही दुबळी नव्हती : व्लादिमिर याश्चेन्कोने १९७८ मध्ये तिच्याच बळावर २.३४ मीटरचा विश्वविक्रम केला. हाविएर सोतोमायोरचा १९९३ मधला २.४५ मीटरचा विश्वविक्रम मात्र पाठीवरच्या उडीचा आहे.