हिब्रूची पदवी, मराठीची भाकरी

आमच्या खराडीत कुठल्याही पदवीला पहिला प्रश्न एकच: स्कोप काय? आयटी पार्क दाराशी असल्यावर दुसरं काय होणार! सोसायटीतल्या एका पोरीने हिब्रू शिकून प्राध्यापक व्हायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं. इतिहासाचे निवृत्त मास्तर, चार समजुतीच्या गोष्टी सांगतील म्हणून. मी सांगितल्या, पण पोरीच्या बाजूने.

आपल्याकडे हिब्रूची विद्वत्ता उभी राहिली ती मराठीच्या आधाराने. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 साली मुंबईत उतरले आणि 1832 मध्ये त्यांनी हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं, बेने इस्राएलांसाठी. कोकणात तेलाचा घाणा चालवणारा आणि शनिवारी तो बंद ठेवणारा हा ज्यू समाज. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. त्यांच्यातलेच जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक होते, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही. रोजचं काम शाळेचं. नाव झालं ते हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणल्यामुळे.

पुणंही मागे नव्हतं. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी 1874 मध्ये इथे हिब्रू-मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्यात. कथा मिसर देशातली, बैठक मात्र आपल्या स्वयंपाकघरातली.

मग पंडिता रमाबाई. संस्कृतात नाव कमावलेल्या या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांतून बायबल मराठीत आणलं आणि 1922 मध्ये मृत्यूच्या तोंडावर ते काम हातावेगळं केलं. छपाईही मिशनच्याच छापखान्यात.

आजही खराडीहून नगर रस्त्याने रामवाडीला गेलं की ज्ञानदीप विद्यापीठ हे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं केंद्र लागतं. 1955 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून ते पुण्यात आलं. तिथे हिब्रू येते ती धर्मशास्त्राचं बोट धरून.

म्हणजे नुसत्या हिब्रूवर इथे कुणाचं भागलं नाही. राजपूरकरांना शाळा होती, रमाबाईंना मिशन, रामवाडीच्या प्राध्यापकांना धर्मशास्त्र. म्हणून पोरीला म्हटलं, 'खुशाल शीक, पण पीएचडीला मराठी सोडू नकोस. परदेशी विद्यापीठांत हिब्रू जाणणारे पुष्कळ भेटतील. पुण्याची हग्गादा दोन्ही भाषांतून वाचू शकणारे फार थोडे. तुझी जागा तिथे आहे.'