अर्नाळा किल्ला (बेट)

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात, वैतरणा नदीच्या मुखाशी असलेले बेट व त्यावरील मच्छीमार गाव. विरारच्या पश्चिमेकडील अर्नाळा किनाऱ्यावरून होडीने जावे लागते. बेटाला पूल नाही, त्यामुळे मोटारी किनाऱ्यावरच थांबतात.

गुजरातच्या सुलतानांनंतर बेट पोर्तुगीजांकडे गेले. वसई मोहिमेत, १७३७ मध्ये मराठ्यांनी ते जिंकले आणि पहिल्या बाजीरावाच्या आज्ञेने जलदुर्गाची नव्याने बांधणी झाली (पहा : वसईचा किल्ला). १७८१ मध्ये तो इंग्रजांनी घेतला, सालबाईच्या तहाने परत मिळाला व १८१७ मध्ये कायमचा गेला.

चौकोनी तटबंदीच्या उत्तर दरवाजावर वाघ व हत्ती कोरलेले असून वर बाजीरावाचे नाव असलेला मराठी शिलालेख आहे. तो सावकाश वाचण्यासारखा आहे. आत त्र्यंबकेश्वर व भवानीची मंदिरे, दर्गा आणि गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे आहे; खाऱ्या पाण्याने वेढलेल्या दुर्गाची सारी भिस्त त्याच्यावर होती. तटाबाहेर दक्षिणेला एकटा गोल बुरूज उभा आहे.

वस्ती मुख्यतः कोळ्यांची (पहा : कोळी). तटाबाहेर कालिकामातेचे मंदिर आहे. घरांमधल्या पाऊलवाटा, वाळत घातलेली जाळी व बांबूंवर टांगलेले बोंबील हे गावाचे नित्याचे रूप. पाहुण्याने भरती-ओहोटी आणि परतीची होडी विचारूनच निघावे.

भारतीय नौदलात १८ जून २०२५ रोजी दाखल झालेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेला ‘अर्नाळा’ हे नाव या दुर्गावरून दिले आहे.