मूलमाप आणि मुदत : क्रिस्टल पॅलेस ते वॉटसन हॉटेल

प्रस्तावना

बांधकाम प्रकल्पांच्या व्यवस्थापनाचा इतिहास बहुधा विसाव्या शतकापासून सांगितला जातो. हेन्री गँट यांचे कालतक्ते, १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीत विकसित झालेली ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत आणि १९५८ मधील अमेरिकी नौदलाची ‘पर्ट’ पद्धत हे त्यातील ठरलेले टप्पे होत. परंतु वेळापत्रक कागदावर येण्यापूर्वीच ते इमारतीच्या मापात गुंफण्याचा प्रयोग १८५० मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये यशस्वी झाला होता. क्रिस्टल पॅलेसचे कौतुक काच आणि लोखंड यांच्या अंगाने पुष्कळ झाले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यामागील मापाची शिस्त हा आहे. त्याच परंपरेतील एक वास्तू मुंबईत उभी असून तिचे भवितव्य वादात सापडल्याने या विषयाला केवळ ऐतिहासिक महत्त्व आहे असे म्हणता येणार नाही.

नऊ महिन्यांची मुदत

१८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी इमारत समितीने आराखडे मागविले तेव्हा दोनशेहून अधिक आराखडे आले. त्यांपैकी एकही स्वीकारला गेला नाही. समितीने स्वतः तयार केलेला विटांचा अवजड आराखडा वेळेत उभा राहणे अशक्यच होते. अशा वेळी चॅट्सवर्थ येथील उद्यानाधिकारी जोसेफ पॅक्स्टन यांनी जून १८५० मध्ये रेल्वेच्या एका बैठकीत टिपकागदावर आपली कल्पना रेखाटली. वनस्पतींसाठी काचगृहे बांधण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. कल्पना पॅक्स्टन यांची खरी. पण तिला बांधकामाचे रूप देण्याचे श्रेय फॉक्स, हेंडरसन आणि कंपनी या कंत्राटदार संस्थेकडे जाते. इतिहासलेखनात हे श्रेय नेहमीच हातचे राखून दिले गेले आहे.

या कंपनीची निविदा मुळातून पाहण्यासारखी आहे. इमारत प्रदर्शनानंतर उतरवून साहित्य कंत्राटदाराने परत न्यायचे असल्यास ७९,८०० पौंड आणि ती कायमची विकत घ्यायची असल्यास १,५०,००० पौंड असे दोन दर तिच्यात होते. जी इमारत सुटी करून पुन्हा जोडता येते, तिचाच असा भाडेवजा व्यवहार होऊ शकतो. म्हणजे बांधकामाच्या पद्धतीनेच कराराचे स्वरूप ठरविले होते. जुलैच्या अखेरीस जागा ताब्यात आली, २६ सप्टेंबर रोजी पहिला खांब उभा राहिला आणि १ मे १८५१ रोजी राणी व्हिक्टोरिया यांच्या हस्ते प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. इमारतीची लांबी १,८४८ फूट होती.

चोवीस फुटांचे गणित

संपूर्ण इमारत २४ फूट या मूलमापावर बेतलेली होती. खांबांमधील अंतरे २४ फूट किंवा त्याच्या पटीत, म्हणजे ४८ व ७२ फूट होती. या मापाचे मूळ छपरात आहे. छपराची घड्यांसारखी रचना आठ-आठ फुटांच्या पट्ट्यांत होती आणि तिच्यात ४९ इंच लांब व १० इंच रुंद तावदाने बसविली जात. एवढ्या लांबीची काच मोठ्या संख्येने पुरविण्याची जबाबदारी स्मेदिक येथील चान्स ब्रदर्स यांच्याकडे होती. काच कारखान्याला किती मोठी करता येते, यावरून एका महाकाय वास्तूचे माप निघाले. आधी रूप आणि मग साहित्य हा वास्तुकलेचा रूढ क्रम येथे उलटा झाला.

बिडाचे खांब बाहेरून एकसारखे, आठ इंच व्यासाचे होते. भार जास्त तेथे केवळ आतील धातूची जाडी वाढविली जाई. त्यामुळे जोडणीचे भाग सर्वत्र एकच राहिले. खांब पोकळ असल्याने छपरावरील पावसाचे पाणी त्यांतूनच खाली उतरे. चार्ल्स फॉक्स यांनी सुमारे सात आठवडे दिवसाचे अठरा तास बसून नकाशे काढले आणि एकेक नकाशा पूर्ण होताच त्यावरून लोखंडकामाची तयारी सुरू झाली. सर्व नकाशे पूर्ण होईपर्यंत थांबले असते तर मुदत कधीच गाठता आली नसती. मूलमाप आधी पक्के असल्यामुळेच हा धोका पत्करता आला.

बर्मिंगहॅम परिसरातील ओतशाळांतून रेल्वेने येणाऱ्या बिडाच्या तुळया जागेवर जलदाबयंत्राने तपासल्या जात आणि मगच वर चढत. उभारलेले खांबच पुढील कामाला आधार देत असल्याने परातींचा मोठा पसारा टळला. छपराच्या पन्हळींवरून चाकांच्या गाड्या फिरत आणि त्यांत बसून कारागीर काचा बसवीत. एका आठवड्यात ८० जणांनी १८,००० हून अधिक तावदाने बसविल्याची नोंद आहे. भोवतालच्या कुंपणाच्या फळ्यादेखील पुढे तक्तपोशीसाठी वापरल्या गेल्या. बोल्टचे आटेही या शिस्तीत आले होते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचविलेले प्रमाणित आटे येथे वापरले गेले, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अवशिष्ट बोल्टांच्या मोजमापावरून दाखविण्यात आले आहे.

प्रदर्शनानंतर इमारत उतरवून सिडनहॅम येथे बदललेल्या व मोठ्या रूपात पुन्हा उभी करण्यात आली. ३० नोव्हेंबर १९३६ रोजी ती आगीत नष्ट झाली. फॉक्स, हेंडरसन कंपनीचे तर १८५६ मध्येच दिवाळे निघाले. उत्तम तंत्र हाती असले म्हणजे व्यवसाय तरतोच असे नाही.

मुंबईतील दुवा

क्रिस्टल पॅलेसचे तपशीलवार नकाशे करणाऱ्यांत रोलंड मेसन ऑर्डिश हे तरुण अभियंते होते. १८६० च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले जाऊन एस्प्लनेडवरील भूखंड विक्रीस निघाले. त्यांपैकी एका भूखंडावर जॉन वॉटसन यांच्यासाठी ऑर्डिश यांनी बहुमजली लोखंडी इमारतीचा आराखडा केला. डर्बी येथील फिनिक्स फाउंड्रीत ओतलेले भाग जहाजांनी मुंबईस आले आणि १८६७ ते १८६९ या काळात जागेवर जुळविले गेले. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला. तेव्हा हे जड सामान आफ्रिकेला वळसा घालून आले असणार. हाइड पार्कमध्ये एखादी तुळई सदोष निघाल्यास दुसरी रेल्वेने मागविता येत असे. मुंबईत त्याच चुकीची किंमत कित्येक महिन्यांनी मोजावी लागली असती. मोजमाप आणि भागांची मोजदाद यांवरील भिस्त येथे अधिकच वाढली.

७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच वॉटसन हॉटेलात झाला. हॉटेल बंद पडल्यावर ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावाने येथे कार्यालये व बिऱ्हाडे थाटली गेली, मूळ रचनेत वेळोवेळी भर पडली आणि देखभाल मागे पडली. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली आणि ती पाडावी अशी शिफारसही पुढे आली.

सुट्या भागांच्या इमारतीचे मूल्यमापन दगडी वा विटांच्या भिंतींच्या इमारतीप्रमाणे एकसंध वस्तू समजून करणे तिच्या रचनेशी विसंगत आहे. कोणता खांब तडकला आहे, कोणती तुळई भार घेऊ शकत नाही आणि कोणता भार मूळ रचनेत नसलेल्या नंतरच्या भरीचा आहे, हे भागनिहाय तपासता येते. निकामी भागाच्या मापाचा नवा भाग ओतून घेता येतो, कारण शेजारी उभा असलेला धडका भागच त्याचा नमुना असतो.