हिस्टेरोस्कोपी म्हणजे काय? ‘पिशवी काढा’च्या आधी विचारायची तपासणी

पाळीत अंगावरून खूप जातंय, किंवा पाळी बंद होऊन वर्षं झाली तरी पुन्हा डाग दिसू लागलाय. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘अस्तर जाड’ असं येतं आणि घरात लगेच चर्चा सुरू होते, पिशवीच काढून टाकायची का? पण अस्तर जाड असणं हे काही आजाराचं नाव नाही. ते का जाड झालंय, हे शोधण्याचा एक मार्ग म्हणजे हिस्टेरोस्कोपी.

यात पोटावर छेद नसतो. साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाडीची दुर्बीण योनीमार्गातून गर्भाशयात नेतात, सलाइन सोडून पिशवी किंचित फुगवतात आणि आतला भाग स्क्रीनवर दिसतो. आपल्याकडे ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की लोकांना लॅप्रोस्कोपी आठवते. ती पोटातून होते आणि बाहेरून गर्भाशय, नळ्या, बीजकोष दाखवते. त्यामुळे डॉक्टरांना ‘दुर्बीण खालून की पोटातून?’ असं सरळ विचारावं.

नुसतं पाहायला बहुतेक वेळा १०-१५ मिनिटं पुरतात. पॉलिप, पोकळीत वाढलेली फायब्रॉइडची गाठ, जन्मजात पडदा, अडकलेली कॉपर-टी याच वाटेने काढता येतात. क्षयरोगामुळे किंवा वारंवार क्युरेटिंग केल्यामुळे चिकटलेल्या भिंतीही सोडवता येतात. अशा कामाला सहसा भूल देतात. क्युरेटिंगमध्ये अस्तर अंदाजाने खरवडलं जातं, त्यामुळे छोटा पॉलिप सुटू शकतो. इथे संशयाच्या जागेचाच तुकडा घेता येतो.

हे तंत्र नवीन नाही. पँटालिओनी या डॉक्टरने १८६९ मध्येच एका साठीच्या बाईच्या गर्भाशयातला पॉलिप दुर्बिणीतून पाहिला होता.

तरीही महाराष्ट्रात काय झालं? बीडच्या ऊसतोड कामगार महिलांच्या प्रश्नावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अनेकींनी चाळिशीही गाठली नव्हती. कॅन्सरची भीती आणि खाडा झाला की बुडणारी मजुरी, यात ‘आधी आत काय आहे ते पाहू’ म्हणायला कुणाला सवडच नव्हती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना बजावलं.

पिशवी काढणं कधीकधी गरजेचं असतंच, कॅन्सरमध्ये तर नक्की. पण कारण कागदावर असावं.

टिटवाळ्याच्या बाईला मोठ्या तपासणीसाठी बहुधा कल्याण गाठावं लागतं. आंबिवली, शहाड, की आलं कल्याण. बहुतेक हिस्टेरोस्कोपी डे-केअरमध्ये होतात, त्यामुळे संध्याकाळच्या कसारा लोकलने घरी परतता येतं. भूल दिली असेल तर मात्र सोबत कुणीतरी हवंच. पाळी चालू असलेल्यांनी ती संपल्यावर लगेचच्या दिवसांतली तारीख घ्यावी, तेव्हा अस्तर पातळ असतं. गरोदरपणात किंवा ओटीपोटात संसर्ग असताना ही तपासणी करत नाहीत.

नंतर एक-दोन दिवस पोटात कळा आणि थोडे डाग चालतात. पिशवीला छिद्र पडणं किंवा संसर्ग हे धोके क्वचितच उद्भवतात, पण ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढतं दुखणं किंवा जोरात रक्तस्राव असेल तर थांबू नये. आणि तुकडा लॅबला गेला असेल, तर बरं वाटलं तरी तो रिपोर्ट आणून डॉक्टरांना दाखवावाच.