पेव, कणगी आणि बेगमी

आपण बोलतांना सहज म्हणून जातों कीं, सध्यां शिकवणीवर्गांचें नुसतें पेव फुटलें आहे. ज्या पेवावरून हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत आला, तें खरें पेव मात्र शहरांतील फारच थोड्या मंडळींनीं पाहिलें असेल. पुणें, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांत एकोणिसाव्या शतकांतील शेतकरी कुटुंब आपली शिल्लक जमिनीच्या पोटांत ठेवीत असे. त्या घराची काटकसर कशी चाले आणि ती कोठें अपुरी पडली, हें आज सांगावयाचें आहे.

पेव खणावयाचें तें उंचवट्याच्या, पाणी न मुरणाऱ्या घट्ट जागीं. तोंड माणूस उतरेल इतकेंच अरुंद, पोट मात्र रांजणासारखें फुगीर. तळाला व कडांना कडब्याचा आणि गवताचा जाड थर देऊन ज्वारी ओतीत, व तोंडावर दगड बसवून तें मातीनें लिंपून टाकीत. कोंडलेल्या हवेंतील प्राणवायु दाणे आणि किडे मिळून संपवितात, कर्बवायु सांचतो, आणि पुढें किडा जगूं शकत नाहीं. हें रसायनशास्त्र त्या शेतकऱ्याला कोणी शिकविलें नव्हतें. परिणाम तेवढा त्याला पक्का ठाऊक होता. म्हणूनच पेव उघडल्यावर कोणी लगेच आंत उतरत नसे. कांहीं वेळ तोंड मोकळें ठेवावयाचें, मग दोरीनें दिवा खालीं सोडावयाचा, आणि तो विझला तर थांबावयाचें. या नियमाची घाई करणारीं माणसें आंत गुदमरून दगावलीं आहेत. कडेची ज्वारी काळवंडे, तिला उग्र वास येई. मधली वर्षानुवर्षें टिके. भरलेलें पेव हीच त्या घराची गांवांतील पत.

पेव पुरुषांचें, तर कणगी बायकांची. तुरकाठ्यांची किंवा बांबूची विणलेली, शेणमातीनें सारवलेली ही कणगी घरांत उभी असे, आणि तींत कडुनिंबाचा पाला टाकलेला असे. कडधान्याला राख चोळीत, तुरीला एरंडेलाचा हात लावीत. बियाणें चुलीच्या धुराजवळ टांगलेलें असे. तें शिजवून खाण्याची पाळी येणें म्हणजे पुढच्या वर्षाची आशाच सोडणें होय. आठवड्याचा हिशेब बाजाराच्या वारावर बसविलेला. त्या दिवशीं सांठविलेलें तूप, अंडीं, परसांतली भाजी डोक्यावर घेऊन बाई बाजाराला जाई, आणि मीठ, तेल, गूळ घेऊन परते. धान्य शेरानें, मापट्यानें, चिपट्यानें मोजून द्यावयाचें, आणि गेल्या बाजारापासून कणगी किती उतरली याचा अंदाज हातानेंच घ्यावयाचा. फाटलेलें लुगडें जुनेर होई, जुनेराची वाकळ होई, आणि वाकळीच्या चिंध्या शेवटीं दिव्याची वात होत.

चैत्र-वैशाखाचें ऊन हें या घराचें सर्वांत मोठें भांडवल. कैऱ्या मिठांत मुरत, चिंच फोडून तिचे मीठ घातलेले गोळे बांधीत, गवारीच्या शेंगा वाळत, कोहळ्याचे सांडगे घालीत. गहूं ज्या घरीं होता तेथें तो भिजवून, वाटून, त्याच्या चिकाच्या कुरडया होत. गहूं सणापुरताच असलेल्या घरीं बाजरीच्या खारोड्या. आपल्या ताटांत हे पदार्थ तोंडीं लावण्यापुरते येतात. पण पाऊस लागला, ओढ्याला पूर आला, बाजाराची वाट बंद झाली, कीं भाकरीबरोबर खावयास तेवढेंच उरे. ‘बेगमी’ हा शब्द तेव्हां फार जड होता.

असें असूनहि हीं घरें बुडालीं. काटकसर हा गुण आम्ही मास्तर मंडळी निबंधाला विषय म्हणून नेहमींच देतों. परंतु इतिहास पाहतां हा गुण एकटा पुरा पडत नाहीं. १८३६ पासून इंदापूर तालुक्यांत जी नवी सारापद्धति सुरू झाली, तिच्यांत सारा ठरला तो रोख रुपयांत. हप्त्याची तारीख आली म्हणजे भाव पडलेला असला तरी धान्य विकणें भाग. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५, कापसाचा भाव चढला तशी सावकाराची उधारीहि सैल झाली. पुढें भाव कोसळला, आणि तीस वर्षांची मुदत संपल्यावर साराहि बराच वाढला. मग पेवांतील ज्वारी खळ्यावरूनच परस्पर व्याजांत जाऊं लागली. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हां त्यांचा राग विशेष होता तो कर्जरोख्यांवर. दुसऱ्याच वर्षीं पाऊस गेला आणि १८७६-७८ चा दुष्काळ उभा राहिला. ज्याचें पेव आधींच रितें, त्याच्या बायकोनें कणगींत पाला कितीहि जपून घातला तरी काय होणार? आणि ज्याला मुळीं शेतच नव्हतें, त्या मजुराला पेवहि नव्हतें आणि कणगीहि नव्हती. आपल्या काटकसरीच्या गोष्टींत तो बहुधा येतच नाहीं. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला तो हें सारें घडून गेल्यावर.

तरी मूठ बाजूला काढण्याची संवय मोडली नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि तिच्या वसतिगृहांतील मुलांसाठीं घरोघर मूठ मूठ धान्य गोळा होऊं लागलें. दळणाला बसण्यापूर्वीं काढलेल्या त्या मुठीवर किती मुलें शिकलीं असतील!

पेवें पुढें कमी होत गेलीं. सांगलीजवळ हरिपुरास तीं ज्वारीऐवजीं हळदीसाठीं दीर्घकाळ वापरांत होतीं, आणि तेथील मातींत हळद उत्तम टिकते अशी त्यांची ख्याति व्यापाऱ्यांत होती. २००५ च्या महापुरांत नदीचें पाणी त्यांत शिरलें आणि बहुतेक पेवें निकामी झालीं.